दुसरी टेप

१

सलीम आतार रोज संध्याकाळी सव्वासहाला एक काम करायचा. पलीकडच्या शेडमधला भिकू अंडी जितक्या जपून ट्रेमध्ये लावायचा, तितक्याच जपून. लोखंडी कपाटातून त्या दिवसाची टेप काढायची, लेबल वाचायचं, मशीनच्या तोंडात सरकवायची, हिरवा दिवा लागला की नाही ते बघायचं, रजिस्टरात सही करायची आणि खोलीला कुलूप घालून ते दोनदा ओढून पाहायचं. मग बाहेर काढून ठेवलेल्या चपला पायात घालायच्या आणि लुनाला किक मारून पौडच्या घरी.

हे सत्त्याऐंशी सालचं. पौडहून मुळशीला जाताना, धरणाच्या अलीकडे, माळावर एक हॅचरी होती. आठवड्याला हजारोंनी पिल्लं तिथून बाहेर पडायची. कुठल्या कोंबड्यांची अंडी कुठल्या मशीनमध्ये, कुठल्या तारखेला उबवायला ठेवली, पिल्लं कुणाकडे गेली, लस कुठली टोचली, हे सगळं आता कॉम्प्युटरवर होतं. उद्या एखाद्या शेतकऱ्याकडे मर लागली, तर ती पिल्लं कुठल्या लॉटमधली हे पाच मिनिटांत कळायला हवं. ही माहिती गेली तर धंदा आंधळा. म्हणून रोज रात्री तिची नक्कल टेपवर उतरायची, म्हणजे बॅकअप.

आणि त्यातली गंमत अशी, की ते काम आपोआप व्हायचं. रात्री अकराला मशीन स्वतःच जागं व्हायचं, नक्कल काढायचं, काय काय केलं ते वेळेसकट कागदावर छापायचं आणि गप्प बसायचं. माणसाची गरज नाही. सकाळी आठला येऊन सलीमनं फक्त कागद वाचायचा. अख्ख्या तालुक्यात असलं काम जमणारा तो एकटाच, आणि खोटं कशाला बोला, त्याला त्याचा थोडा तोराही होता.

२

नोव्हेंबर सरता सरता माशी शिंकली.

एका सकाळी सलीमनं कागद हातात घेतला, तर काम अर्ध्यावर थांबलेलं. रात्री एक वाजून एक्केचाळीस मिनिटांनी मशीननं इंग्रजीत छापलं होतं: पहिली टेप भरली, दुसरी घाला आणि रिटर्न दाबा. त्याखाली काही नाही. माहिती एवढी वाढली होती की ती एका टेपमध्ये मावेना. ते मशीन बिचारं रात्रभर दुसऱ्या टेपची वाट बघत बसलं होतं.

पुण्याहून आठल्ये साहेब आले. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर तयार असायचं.

"हे बघा आतार, मोठं टेप मशीन एप्रिलशिवाय मिळणार नाही. तोवर रात्री कुणीतरी थांबून टेप बदलायची. एका बटणाचं तर काम आहे."

"साहेब, रात्रीचं मला जरा..."

"तुम्हाला जमत नसेल तर स्पष्ट सांगा. पुण्यात पोरं रांग लावून उभी आहेत."

सलीमची अडचण साहेबाला सांगण्यासारखी नव्हती.

मागल्या वर्षी तो कॉम्प्युटर शिकायला पुण्याला खोली घेऊन राहिला होता. बायको शमा पौडला, सातवा महिना, सोबतीला फक्त म्हातारी अम्मा, रहिमतबी. एका रात्री शमाच्या पोटात दुखायला लागलं. अम्माला डोळ्यांनी धड दिसत नाही, गाडी मिळेना, उजाडेपर्यंत मूल गेलं. सलीम दुपारी पोचला. शमा रडली नाही, भांडली नाही. "तुमी रात्री हवे होता," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. ते वाक्य सलीमच्या काळजात रुतून बसलं होतं. त्यानं अम्माच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की यापुढं एकही रात्र घराबाहेर काढणार नाही.

आणि आता शमाला पुन्हा आठवा लागला होता. नोकरी गेली तर खायचं काय, आणि रात्री इथं थांबलो तर शपथेचं काय? इकडे आड नि तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

"थांबतो साहेब," सलीम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो साहेबाशी खोटं बोलला.

३

त्यानं युक्ती काढली होती, आणि युक्ती चांगली होती. मशीन दुसऱ्या टेपची वाट बघतं ना? मग बघू दे की! पहाटे सहाला यायचं, टेप घालायची, रिटर्न दाबायचं. आठला माहिती भरणाऱ्या मुली टर्मिनलवर बसायच्या आत काम पुरं. कुणाला पत्ता लागायचा नाही.

संध्याकाळी त्यानं पहिली टेप मशीनमध्ये घातली. पहाटे गडबड नको म्हणून दुसरी डबीतून काढून मशीनच्या डोक्यावर, हाताला येईल अशी ठेवली. बसायची खुर्चीसुद्धा पुढ्यात ओढून ठेवली. आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची भाकरी रात्रीच टोपल्यात झाकून ठेवतात, तसंच ते.

पहाटे थंडीनं कुडकुडत तो आला, कुलूप काढलं, दिवा लावला आणि जागच्या जागी उभा राहिला.

काम झालेलं होतं.

त्यानं कागद तीनदा वाचला. एक एक्केचाळीस, दुसरी टेप घाला. एक त्रेचाळीस, दुसरी टेप सुरू. दोन बत्तीस, नक्कल पूर्ण, चूक नाही. दुसरी टेप मशीनच्या तोंडात होती. पहिली टेप बाहेर काढून तिच्या डबीत घातलेली, आणि ती डबी टेबलावर पालथी ठेवलेली होती.

"अरे वा!" सलीम मोठ्यानं म्हणाला. बंद खोलीत त्याचा त्यालाच आवाज कसासा वाटला.

४

सलीम हा हिशेबी डोक्याचा माणूस. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की तो हसून चहा मागवायचा. कुलपाच्या चाव्या दोनच, एक त्याच्या करगोट्याला, दुसरी पुण्याला साहेबाच्या टेबलात. खिडकीला काच पक्की बसवलेली. म्हणजे ज्यानं हे केलं त्यानं तिसरी चावी करून घेतलेली असणार.

रात्री हॅचरीवर दोघंच असायचे, उबवणी शेडमध्ये भिकू आणि गेटवर कुशाबा. भिकूला टेप दाखवली तर तो म्हणाला, "गाण्याची हाय का?" कुशाबा सत्तरीचा, डोक्याला मुंडासं, रात्रभर शेकोटीपाशी बसणारा वॉचमन.

"बाबा, रात्री ऑफिसात कुणी गेलं हुतं?"

"कुत्रंबी गेलं न्हाई. का रं?"

"काय न्हाई. दिवा दिसल्यासारखं वाटलं."

"तू घरी झोपलेला, तुला दिवा कुटनं दिसला?" कुशाबानं डोळे बारीक केले. सलीमनं विषय बदलला.

त्यानं कुलपाच्या भोकावर मेण लावून पाहिलं. सकाळी मेण जसंच्या तसं, आणि आत काम झालेलं. दाराच्या फटीत दोरा अडकवून पाहिला. दोरा जागेवर, काम झालेलं. मग त्यानं टेप मशीनमध्ये पुन्हा चालवून तिच्यावरची माहिती वाचून पाहिली. अक्षर न् अक्षर बरोबर. काम इतकं नेटकं, की सलीमला स्वतःच्या कामाची लाज वाटावी.

रोज दोनच गोष्टी वेगळ्या असायच्या. डबी पालथी. आणि दुसऱ्या टेपच्या लेबलवर अंगठ्याएवढा एक डाग, करड्या रंगाचा, सकाळी अजून दमट. बोट फिरवलं की पिठासारखी बारीक माती निघायची. चपला बाहेर काढून ज्या खोलीत जायचं, तिथं माती कुठून आली, हे विचारायचं सलीमनं टाळलं.

आता तुम्ही म्हणाल, अशा वेळी माणूस पळून जाईल. पण नाही हो. रोज रात्री आठला तो घरी जेवायला होता. शमाचे पाय दाबून देत होता. ती हसत होती, बाळ लाथा मारतंय म्हणून त्याचा हात पोटावर ठेवत होती. साहेबानं पुण्याहून फोनवर शाबासकी दिली. तेव्हा सलीमनं स्वतःला सांगितलं, असेल काही मशीनची भानगड, आपल्याला कळत नाही एवढंच. आणि पहाटे सहाऐवजी तो पुन्हा आठला जायला लागला. रोज संध्याकाळी मात्र तो दुसरी टेप मशीनच्या डोक्यावर काढून ठेवायचा, आणि खुर्ची पुढ्यात ओढायचा. ते विसरायचा नाही.

५

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या मनानं उचल खाल्ली. हे नक्की काय आहे ते एकदा बघायचंच. त्या संध्याकाळी त्यानं पहिली टेप मशीनमध्ये घातली, कपाटाला कुलूप लावलं आणि दुसरी टेप पिशवीत घालून घरी नेली. टेपच नाही म्हटल्यावर बदलणार काय, कपाळ?

रात्री त्याला झोप चांगली लागली. पहाटे मात्र साडेपाचलाच जाग आली, आणि तो तसाच लुनावर बसून निघाला. सहा वाजता व्हरांड्यात पोचला. कुलपात किल्ली घालतोय तोच आतून प्रिंटरचा आवाज आला. कर्रर्र. मग शांतता.

त्यानं हातातलं घड्याळ पाहिलं. सहा वाजून दोन मिनिटं. त्यानं किल्ली फिरवली आणि दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. एसी घुमत होता. खुर्ची पुढ्यात होती, जशी त्यानं ठेवली होती तशीच. पण प्रिंटरमधून कागदाची नागमोडी घडी खाली सांडून जमिनीवर पसरली होती. मोजली तर नऊ पानं, आणि नऊच्या नऊ पानांवर एकच मजकूर. दुसरी टेप घाला आणि रिटर्न दाबा. एक एक्केचाळीस. एक बेचाळीस. एक त्रेचाळीस. टेप न घालता कुणी रिटर्न दाबलं की मशीन पुन्हा तेच मागायचं, ही त्याची रीत सलीमला ठाऊक होती. कुणीतरी दर मिनिटाला एकदा, न चुकता, सव्वाचार तास रिटर्न दाबत बसलं होतं. घाई नव्हती की राग नव्हता. शेवटची ओळ सहा वाजून दोन मिनिटांची होती.

सलीमनं रिटर्नच्या बटणावर बोट टेकवलं. बटण ओलं होतं, आणि गार.

त्या संध्याकाळी त्यानं दुसरी टेप पुन्हा मशीनच्या डोक्यावर ठेवली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कुशाबाच्या खोपटापाशी जाऊन बसला. म्हातारा काटक्या मोडत होता. सलीमनं बिडी दिली, इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "बाबा, समजा तुमचं एखादं काम हाय आन दुसराच कुनीतरी रोज गुपचूप करून जातोय. पैसं न्हाई मागत, काय न्हाई. त्याला काय म्हनायचं?"

"सावड म्हनायचं," कुशाबा सहज बोलला. "तुला न्हाई ठावं. तुज्या बापानं जलमभर अत्तरं आन बांगड्या इकल्या. आमा शेतकऱ्यांत सावड असती. आज मी तुज्या रानात राबतो, उद्या तू माज्या. पैशाचा संबंध न्हाई."

"पन मी कुनाला बोलावलं न्हाई."

"बोलावतंय कोन? खुरपं बांदावर काडून ठेवलं, म्हंजी ये म्हनल्यावानीच की."

सलीमच्या डोळ्यांपुढे मशीनच्या डोक्यावरची टेप आणि पुढ्यात ओढलेली खुर्ची आली. त्यानं खिशातून एक जुनं लेबल काढून म्हाताऱ्याच्या हातात दिलं. कुशाबानं अंगठ्याचा डाग उजेडात धरला, नखानं खरवडला, दोन बोटांत माती चोळली.

"ही माती हितली न्हाई," तो शेवटी म्हणाला. "धरनाच्या पोटातली हाय, बुडालेल्या गावांची. पानी उतरल्यावर उनाळ्यात उघडी पडती ती."

"आता जानेवारी हाय, बाबा. धरन भरलेलं हाय."

"व्हय. भरलेलं हाय." कुशाबानं लेबल परत दिलं आणि हात मुंडाशाला पुसले. "किती दिस झालं?"

"चाळीसेक."

"आयला! चाळीस दिस सावड घेतली आन एकबी फेडली न्हाई? आरं, सावडीचा गडी म्हंजी घरचाच गडी. त्याला चुलीपाशी बसवायचं, आपल्यातलं खायला घालायचं. त्यो आपल्या घरचा, आपुन त्याच्या घरचं. फेडली न्हाई तर त्यो त्याच्या मनानं घरी येतो."

"मग आता करू काय?"

"तुजं काम तू कर. त्याला मोकळा कर. आजून काय सांगू?" म्हातारा उठला आणि खोपटात निघून गेला. बिडी तशीच जमिनीवर जळत राहिली.

७

सलीमनं ठरवलं, एक रात्र. फक्त एकच रात्र आपण बसायचं, आपल्या हातानं टेप घालायची आणि हा व्यवहार संपवायचा. मग एप्रिलपर्यंत पहाटे सहाला येत जाऊ, टेप कपाटात बंद ठेवू, कागद नऊ पानं होवो की नव्वद.

शपथ मोडताना जिवावर आलं होतं. पण शमाच म्हणाली, "जावा की. एका रात्रीचं काय? गोजराबाई म्हनती अजून आठ दिवस हायेत." गोजराबाई शेजारीण, आणि गावातली जुनी जाणती सुईण. ती रात्री सोबतीला यायला तयार झाली. सलीमनं शमाच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला, वर पेला झाकला, आणि दारातून दोनदा मागं वळून पाहिलं.

रात्र कशी गेली म्हणाल, तर काही म्हणजे काही झालं नाही. अकराला मशीन सुरू झालं. दूर शेडमध्ये नुकत्याच फुटलेल्या पिल्लांचा चिवचिवाट चालला होता. सलीम खुर्चीत बसून होता, दाराकडे तोंड करून. एक एक्केचाळीसला प्रिंटर करकरला. त्यानं पहिली टेप काढली, दुसरी घातली आणि रिटर्नवर बोट ठेवलं. दाबायच्या आधी त्याला राहवलं नाही. खोलीत कुणी नव्हतं, तरी तो बोलला, लाजत, जसं थोरामोठ्याशी बोलावं तसं.

"आज मी हाय. तुमी लई केलंत. आज तुमी घरी जावा."

आणि रिटर्न दाबलं. मशीन मुकाट्यानं कामाला लागलं. सलीमनं पहिली टेप डबीत घातली आणि डबी सुलटी ठेवली. दोन बत्तीसला नक्कल पूर्ण. लेबलावर डाग नाही, बटण कोरडं. त्याला एवढं हलकं वाटलं की तो एकटाच हसला. बाप रे, एवढ्यासाठी आपण दीड महिना जीव मुठीत धरून बसलो!

पहाटे निघताना, आज दिवसभर घरीच राहायचं म्हणून, त्यानं पुढल्या रात्रीची पहिली टेप मशीनमध्ये घालून ठेवली. आणि सवयीनं दुसरी टेप काढून मशीनच्या डोक्यावर ठेवली. हे आपण केलं हे त्याला पौडच्या पुलावर आल्यावर आठवलं. मग म्हणाला, जाऊ दे, आता कोण येतंय.

८

दारात गोजराबाई गरम पाण्याची बादली ओतत होती. त्याला बघून तिनं हातातली बादली खाली ठेवली.

"आलास व्हय? दूध कुटं हाय?"

"कसलं दूध?"

"मला वाटलं, दूध आनायला गेलायस. बापई मानूस, पोरगी बगून खुळा झाला जनू." ती खळखळून हसली. "लक्षुमी आली रं बाबा! रात्री पावनेदोनला. दोघी बेस हायेत."

सलीमचे डोळे भरून आले. त्याला काही सुधरेना. तो तसाच आत धावला. खोलीच्या मध्ये चादरीचा पडदा बांधला होता, त्यापलीकडे खाटेवर शमा होती, थकलेली, पण चेहरा उजळलेला. कुशीत फडक्यात गुंडाळलेलं एवढंसं तोंड.

"माफ कर शमा," तो म्हणाला. "ह्याही वेळेला मी नव्हतो."

शमा हसली. "असं काय म्हनताय? तुमी होता म्हनून तर निभावलं."

सलीमला वाटलं, ती त्याचं मन राखतेय. तो खाटेच्या कडेला बसला.

"लाईट गेली तशी मी घाबरले," शमा सांगत होती. "गोजराबाई म्हनली, बापयांनी आत यायचं न्हाई. तवा तुमी पडद्याखालनं हात दिलात की. मी एवढा आवळला, तुमी हूं की चूं केलं न्हाई. किती गार होता हो हात! आन ओला. थंडीत गाडीवर आलात ना."

कोपऱ्यात तसबीहची माळ ओढत बसलेली रहिमतबी म्हणाली, "मी म्हटलं, बेटा, आधी कानात अजान दे. पोरीला मांडीवर दिली तुझ्या. तू तोंड लावलंस कानाला ते लावलंस. अर्धा तास झाला तरी तुझं संपेना. अजान एवढी हळू देत्यात व्हय? मला एक अक्षर ऐकू आलं न्हाई."

"अम्मा," सलीम म्हणाला, "तुम्ही माझं तोंड बघितलं?"

"कंदिलाच्या उजेडात मला काय दिसतंय? माझ्या डोळ्यांचं तुला ठावं न्हाई का?"

"मला एवढंच ऐकू आलं," शमा म्हणाली. "शेवटी उठताना म्हनलात, आता रोज रात्री मी हाय. आवाज बसलेला होता तुमचा. मला लई बरं वाटलं ते ऐकून."

तिचे डोळे मिटत आले. सलीमनं पोरीला उचललं. जन्मलेल्या लेकराच्या कानात पहिला शब्द बापानं सांगायचा असतो, आणि तो अल्लाच्या नावाचा असतो. नऊ महिने तो या घटकेची वाट बघत होता. त्यानं तिच्या कानावरचं फडकं बाजूला केलं. कानाच्या पाळीवर अंगठ्याएवढा करडा डाग होता. वाळत आलेला.

त्यानं तो पुसला, पुन्हा पुसला, तोंड जवळ नेलं आणि अजान द्यायला सुरुवात केली. पोर रडली नाही. तिनं मान हळूच दुसरीकडे फिरवली, कुणाचं तरी बोलणं ऐकता ऐकता मध्येच कुणी दुसऱ्यानं बोलावं, तशी.

उशाशी पाण्याचा तांब्या उघडाच होता. पेला शेजारी जमिनीवर पालथा ठेवलेला होता.

९

ती रात्र सलीमनं उंबऱ्यात आडवं पडून काढली. डोळ्याला डोळा लागू दिला नाही. दारातून वारासुद्धा आत गेला नाही. पोरगी रात्रभर एकदाही रडली नाही. सकाळी गोजराबाईनं कौतुकानं कानशिलावर बोटं मोडली. "असलं शानं लेकरू मी बगितलं न्हाई गं बाई!"

नऊच्या एसटीनं कुशाबा आला. मुंडासं नीट करत अंगणात उभा राहिला. बाळाची खुशाली विचारली, मग जरा घुटमळला.

"साहेब आलाय सकाळीच. मशीन थांबलंय म्हनतोय. तुला बोलावलंय."

"कुठं थांबलंय?"

"त्ये काय दुसरी टेप घाला म्हनतंय ना, तितं. टेप वरच ठेवलेली हाय. घातली न्हाई कुनी."

"कागद किती निघालाय, बाबा? किती पानं?"

"पानं कसली? एकच वळ हाय. साहेबानं वाचून दाखिवली. एकदाच छापलंय आन गप बसलंय." कुशाबानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "ह्ये चांगलंच झालं की रं. तितलं सुटलं म्हनायचं."

अम्मा सलीमच्या समोर अंगणात नळावर होती. गोजराबाई केव्हाच घरी गेली होती. त्यानं उघड्या दारातून आत पाहिलं. पडद्याची कड जमिनीपासून वीतभर वर होती. पडद्याच्या वरून, आढ्याला टांगलेली साडीची झोळी संथ हलताना दिसत होती. पुढं, मागं. पुढं, मागं.

तो आत गेला आणि पडदा सारला. शमा गाढ झोपली होती, दोन्ही हात छातीवर. झोळीत पोरगी जागी होती, शांत. झोळीची दोरी खाटेच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला गेली होती. तिथं अंधार होता, आणि मावेल तर एखादं माणूस उकिडवं बसून मावेल एवढीच जागा.

सलीम खाटेच्या अलीकडेच खाली बसला. त्यानं हात लांब करून दोरी मधोमध धरली. दोरी ओली आणि गार होती. त्यानं एकदा आपल्याकडे ओढली. झोळी आली. मग दोरी त्याच्या मुठीतून हळूच पलीकडे ओढली गेली, आणि झोळी तिकडे गेली. ओढ हलकी होती, लेकराची झोप मोडू नये अशी. मग ती थांबली. आता सलीमची पाळी होती.

"अहो," शमा झोपेतच पुटपुटली, "किती वेळ बसलाय. दमला असाल. ठेवा आता दोरी."

सलीमनं दोरी सोडली. झोळी हलतच राहिली.